बॅग आली नाही तेव्हा

शनिवार-रविवारला सोमवारची रजा जोडून आम्ही चार मैत्रिणी बँकॉकला गेलो. सुवर्णभूमी विमानतळावर तिघींच्या बॅगा आल्या. चौथीची आली नाही, आणि तिचे इन्सुलिन नेमके त्याच बॅगेत होते. कपडे उसने देता येतात, इन्सुलिन नव्हे. डॉक्टरांच्या चिठ्ठीचे छायाचित्र मोबाइलमध्ये होते, म्हणून रात्रीच एका रुग्णालयातून औषध मिळाले. दुसऱ्या दिवशी बॅग आली, तरी आतले इन्सुलिन तिने टाकूनच दिले. आम्हाला ती उधळपट्टी वाटली. पण विमानाच्या सामानकक्षात इन्सुलिन गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्ववत दिसले तरी भरवशाचे राहत नाही. परतताना पेन आणि चिठ्ठी दोन्ही तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होती. सुरक्षा तपासणीत कोणीही हरकत घेतली नाही.