दिवसाला दहा रियाल

आधी एक साधा हिशेब करू. कतारच्या किमान वेतनाच्या कायद्यात तीन आकडे आहेत. मूळ पगार १००० रियाल, कंपनीनं राहायची सोय केली नाही तर वर ५००, आणि जेवण दिलं नाही तर वर ३००. मार्च २०२१ पासून हे लागू आहे. ३०० भागिले ३० म्हणजे दिवसाला दहा रियाल. त्यात सकाळचा नाश्ता, साइटवरचा डबा आणि रात्रीचं जेवण.

मी दोह्यात साइट सुपरवायझर आहे. आमच्या खोलीत सहा जणांची मेस चालते आणि हिशेबाची वही माझ्याकडे असते. २०२१ ला माणशी अडीचशेच्या आत महिना निघायचा, उरलेल्यात एखाद्या शुक्रवारी मटण व्हायचं. आता तीच वही ३४० दाखवते आणि मटण फक्त सणाला. तेल, तूरडाळ, अंडी, दूध, सगळंच वर गेलं. आमच्या स्लिपवर फूड अलाउन्स मात्र अजून ३००च आहे.

मग वरचे ४० रियाल कुठून येतात? घरी पाठवायच्या पैशाला आपण कुणी हात लावत नाही. आपण पोटाला हात लावतो.

मागच्या जूनमधली गोष्ट. स्लॅबची सळई बांधायचं काम चालू होतं. सकाळी नऊच्या सुमाराला बीडकडचा एक स्टील फिक्सर खाली बसला आणि बसल्या जागी आडवा झाला. नशीब, कडेला नव्हता. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, "उन्हामुळे चक्कर." संध्याकाळी कॅम्पवर त्याला विचारलं, सकाळी काय खाल्लं होतंस? म्हणाला, "साहेब, काळा चहा घेतला होता. पोरीची फी भरायची आहे, म्हणून महिनाभर नाश्ता बंद केलाय."

१ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम बंद ठेवायचा इथे नियम आहे. चांगला नियम आहे. पण पोर नऊ वाजता पडलं. उन्हाचं माप घेतात, डबा उघडून कुणी बघत नाही. मीही बघितला नव्हता.

काही जण म्हणतात, रुपया पडला की आपला फायदाच. २०२१ ला रियालला साधारण २० रुपये मिळायचे, आता २३ च्या वर मिळतात. खरं आहे. पण ते वरचे रुपये घरी टिकतात का? सप्टेंबर २०२४ ला सरकारनं खाद्यतेलावरची आयात ड्युटी वाढवली, तेव्हा प्रत्येकाच्या घरून तेलाचाच फोन आला. वाढलेला रेट किराणावाल्याकडे गेला. आणि इथलं जेवण आपण रुपयात नाही, रियालमध्ये विकत घेतो.

कांद्याचं तर विचारूच नका. ८ डिसेंबर २०२३ ला भारतानं कांद्याची निर्यात बंद केली. इथे बकाल्यात कांदा कडाडला. आमच्या मेसमध्ये येवल्याचा एक शटरिंग कारपेंटर आहे. त्याच दिवसांत त्याचे वडील कांदा घेऊन लासलगावला गेले, तर तिथे भाव कोसळलेला. मुलगा महाग कांदा घेतोय आणि बाप मातीमोल विकतोय. बंदी मे २०२४ ला उठली, पण त्या घराचं नुकसान दोन्हीकडून झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे. फूड अलाउन्स ही कंपनीची मेहेरबानी नाही, तो कायद्यानं ठरलेला आपल्या मेहनतान्याचा भाग आहे. आणि जो आकडा भावाबरोबर हलत नाही, तो दर वर्षी गुपचूप कमी होत असतो. ३०० ही कमीत कमी रक्कम आहे, त्यापेक्षा जास्त द्यायला कुठल्याही कंपनीला कायदा अडवत नाही. किमान वेतनाचा आढावा घ्यायची तरतूदही कायद्यात आहे. त्या आढाव्यात आपला डबा मोजला गेला पाहिजे.

तोवर काय करायचं? स्लिप नीट वाचा. जेवणही नाही आणि ३०० ही नाहीत, असं असेल तर कामगार मंत्रालयाकडे तक्रार करता येते. ३० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीत कामगार आणि मालक यांची संयुक्त समिती नेमता येते. तिथे एकट्यानं रडगाणं गाऊ नका, सहा महिन्यांची मेसची वही टेबलावर ठेवा. तोंडी बोललेलं विसरतात, लिहिलेला हिशेब खोडायला त्रास पडतो. एकट्यानं खुबूस आणि चहावर दिवस काढण्यापेक्षा मेसमध्ये या. आणि घरी खरं सांगा. बायकोला माहीत असू दे की इथेही तेल महाग झालंय.

माझ्यासारख्या सुपरवायझर लोकांनाही एक सांगणं आहे. सकाळच्या टूलबॉक्स मीटिंगला हेल्मेट, बूट, बेल्ट विचारतो, तसंच "खाऊन आलास का?" हेही विचारा. आणि उपाशीपोटी माणूस पडला तर रिपोर्टमध्ये तसंच लिहा. मी त्या दिवशी लिहिलं नाही. आता लिहितो.