खाते बदलल्याचा निरोप

आमच्या बचत गटाच्या गिऱ्हाइकाला गटाच्याच ईमेलवरून निरोप गेला, 'खाते बदलले आहे, पैसे नव्या खात्यावर भरा.' मसाला गेला, ४२ हजारही गेले. बैठकीत सगळ्याजणी सचिव ताईंवर तुटून पडल्या. (पासवर्ड त्यांच्या मुलाने ठेवलेला, त्याला कुणी विचारले नाही!) मला हे मान्य नाही. वर्षानुवर्षे बँका नाव न जुळवता नुसत्या खाते क्रमांकावर पैसे जमा करत आल्या. एनईएफटीने पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय करायला रिझर्व्ह बँकेने मुदत दिली ती १ एप्रिल २०२५ची. आता आम्ही बिलावरच छापतो: खाते बदलल्याचे कळले तर आधी आमच्या जुन्या नंबरावर फोन करा. आणि मैत्रिणींनो, फसवणूक कळताक्षणी १९३० लावा. आम्ही आठवडा भांडण्यात घालवला.