स्विफ्टची लॅम्बोर्गिनी होते, पण तिचं आरसी बुक कोण देणार?

जुनी मारुती किंवा होंडा घ्यायची, तिचा पत्रा उतरवायचा, फायबरची नवी बॉडी चढवायची, दरवाजे वर उघडतील अशा बिजागऱ्या बसवायच्या. काही महिन्यांत गॅरेजमधून लॅम्बोर्गिनीसारखी दिसणारी गाडी बाहेर येते. असे व्हिडिओ लाखोंनी पाहिले जातात आणि खाली कमेंट ठरलेली असते, "याला म्हणतात टॅलेंट, सरकार मात्र साथ देत नाही."

जळगाव आणि धुळ्यातल्या पोरांना हे व्हिडिओ जास्तच जवळचे वाटतात, आणि त्याला कारण आहे. खान्देशात गाडी बदलणं हे नवल नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, रसवंतीच्या गाड्या, लग्नसराईत गावोगाव फिरणाऱ्या डीजेच्या गाड्या, यातलं बरंचसं काम फॅब्रिकेशनवाले, लेथवाले आणि डेंटिंग-पेंटिंगवाले मिळूनच करतात. जळगाव एमआयडीसी तर पीव्हीसी पाइप आणि प्लॅस्टिकच्या चटयांसाठी ओळखली जाते, त्यामुळे साचा आणि रेझिन हे शब्द इथे कुणाला नवे नाहीत. वेल्डिंग येतं, फायबर मिळतं, जुनी गाडी लाख-दीड लाखात मिळते. मग अडतंय कुठे?

अडतं ते दोन ठिकाणी. एक आरटीओत आणि दुसरं चेसिसमध्ये. लोक पहिल्याबद्दलच बोलतात. दुसरं जास्त गंभीर आहे.

आधी हिशोब सेंटिमीटरचा

2021 मध्ये आसामच्या करीमगंज जिल्ह्यातल्या एका मेकॅनिकने जुन्या स्विफ्टची लॅम्बोर्गिनीसारखी गाडी केली. तेव्हाच्या बातम्यांनुसार आठ महिने लागले आणि खर्च आला सव्वासहा लाखांच्या आसपास. खरी लॅम्बोर्गिनी हुराकान 2014 मध्ये भारतात आली तेव्हा तिची किंमत सुमारे 3.43 कोटी होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणालाही कौतुक वाटेल, आणि कारागिरीचं कौतुक व्हायलाच हवं.

पण आता दुसरे आकडे पाहू. भारतात 2005 मध्ये आलेल्या स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, 2,390 मिलिमीटर. लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोरचा 2,700. रुंदी स्विफ्टची 1,690, अव्हेंटाडोरची 2,030. उंची स्विफ्टची 1,530, अव्हेंटाडोरची 1,136. म्हणजे हुबेहूब नक्कल करायची तर गाडी फूटभर लांब ताणावी लागते, फूटभर रुंद करावी लागते आणि वरून सव्वा फूट छाटावी लागते.

ट्रकमध्ये हे एक वेळ जमतं, कारण ट्रकला खाली स्वतंत्र चेसिस असते आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असते. स्विफ्टसारख्या गाडीत वेगळी चेसिसच नसते. फरशी, छत, दारांमधले खांब, पुढचा-मागचा पत्रा हे सगळं मिळून एकच पेटी असते आणि धडक बसली की ताण ती पेटी वाटून घेते. छत कापलं, खांब काढले, फरशी मधून कापून तुकडा जोडला की ती पेटी राहत नाही. वेल्डिंग कितीही सफाईदार असलं तरी तो जोड धडकेत कसा वागेल हे मोजलेलं नसतं. वर येते ती फायबरची बॉडी दिसायला छान असते, पण ताण घ्यायला ती बनवलेलीच नसते.

बहुतेक नकलांमध्ये इंजिन जुनंच राहतं, त्यामुळे "ती थोडीच 300 च्या स्पीडने पळणार आहे" असा युक्तिवाद होतो. तो अर्धाच खरा आहे. जळगाव-धुळे रस्त्यावर 80 च्या वेगाने जाणाऱ्या गाडीलाही ब्रेक लागतो, आणि चौपदरी झालेल्या महामार्गावर कुणी 80 वर थांबत नाही. रुंद टायर, बदललेलं सस्पेन्शन, हललेलं वजन आणि ब्रेक मात्र मूळ हॅचबॅकचे, अशी ही जोडणी असते. त्यात इंजिन मागे नेलं असेल तर रेडिएटरला हवा मिळणं हा वेगळाच प्रश्न. जळगाव-भुसावळचा मे महिना 45 अंशांचा. तिथे नीट हवा न मिळणारं इंजिन आणि त्याच्याभोवती जळू शकणारं रेझिन, हे गणित बंगळुरूच्या यूट्यूबरला करावं लागत नाही. गतिरोधकाचं तर बोलायलाच नको. नियमाप्रमाणे त्याची उंची 10 सेंटिमीटर असावी, आणि नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक खान्देशात सापडला तर त्याचाही व्हिडिओ काढावा.

कायदा नेमकं काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीने ठरवलेले आणि आरसीवर नोंदलेले गाडीचे तपशील बदलतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे आणखी पक्कं केलं. गाडीचा मूळ ढाचा बदलता येणार नाही. रंग बदलणं, मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवणं, अपंग व्यक्तीसाठी गाडीत सोय करणं असे बदल आरटीओच्या नोंदीने होऊ शकतात. स्विफ्टची अव्हेंटाडोर त्यात बसत नाही.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 182अ आलं. बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. "प्रत्येक फेरफारामागे" हे शब्द नीट वाचावेत. प्रत्यक्षात बऱ्याचदा किरकोळ दंडावर सुटका होते. मार्च 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या आंबेडकरनगरमध्ये दोन भावांनी लग्नात भाड्याने द्यायला वॅगन-आरचं हेलिकॉप्टर केलं होतं. रंग द्यायला नेतानाच पोलिसांनी ते उचललं आणि दंड भरून घेऊन सोडलं. पण व्यवसायासाठी घातलेले पैसे अडकले ते अडकलेच.

दंडापेक्षा मोठी भीती विम्याची आहे. पॉलिसीवर स्विफ्ट, रस्त्यावर भलतंच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अशा वेळी फेटाळला जाऊ शकतो. समोरच्या माणसाला इजा झाली तर कोर्ट विमा कंपनीला भरपाई द्यायला लावू शकतं, पण नंतर ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देतं. अपघातातल्या भरपाईचे आकडे कितीही लाखांत जाऊ शकतात. पोराच्या हौसेसाठी बापाच्या नावावरची केळीची बाग अडचणीत येऊ शकते, हे कुठल्याच रीलमध्ये सांगितलं जात नाही.

शिवाय नकलेसाठी घेतलेली गाडी बहुतेक वेळा पंधरा वर्षांच्या आसपासची असते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे पाच वर्षांसाठी वाढवायची तर गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. तिथे इन्स्पेक्टरच्या कागदावर हॅचबॅक असते.

कंपनीच्या चिन्हाचा मुद्दा वेगळा. बैलाचं किंवा घोड्याचं बोधचिन्ह लावून अशी गाडी विकली तर ट्रेडमार्क कायद्याचा प्रश्न येतो. गिऱ्हाइकाला नक्कल आहे हे माहीत होतं, एवढं म्हणून सुटका होतेच असं नाही. अमेरिकेत फेरारीने एका किट बनवणाऱ्याविरुद्ध 1991 मध्ये अपिलातही खटला जिंकला. घेणाऱ्याला माहीत असलं तरी रस्त्यावर बघणाऱ्यांची फसगत होते, असं तिथल्या कोर्टाने म्हटलं. ब्राझीलमध्ये 2019 साली पोलिसांनी नकली फेरारी-लॅम्बोर्गिनी बनवणारा एक कारखानाच बंद केला.

मग जगात लोक बनवतात ते कसं?

नक्कल करणं हा सगळीकडे गुन्हा नाही. लोटस सेव्हन ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1957 मध्ये आली तीच सुट्या भागांच्या रूपातही विकली जायची. लोक घरी जोडायचे, कारण सुट्या गाडीवर कर वाचायचा. पाइपचा सांगाडा, उघडी चाकं, वजन अगदी कमी. 1973 मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीने घेतले आणि ती अजून बनते. जगभर तिच्या नकला झाल्या आणि त्यातली एक आपल्याकडे झाली. अलिबागजवळ कार्लेखिंडीतल्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर बनवली. फायबर बॉडी, 1.8 लिटरचं इसुझू इंजिन. इसुझूचं 1.8 लिटर इंजिन म्हणजे अँबॅसडरच्या बॉनेटखालीही असायचं तेच नाव. लॅम्बोर्गिनीची नक्कल आणि ही नक्कल यात मोठा फरक आहे. इथे कुणाचा सांगाडा कापलेला नव्हता. गाडी खालपासून त्याच आकारासाठी बांधली होती.

ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची तपासणी होते. ब्रेक, दिवे, धूर, धारदार कडा सगळं पाहतात, पास झाली तर नंबर मिळतो. अमेरिकेने 2015 च्या कायद्यात छोट्या कंपन्यांना 25 वर्षांहून जुन्या मॉडेलच्या नकला वर्षाला 325 पर्यंत बनवायची सूट दिली, पण इंजिन आजच्या प्रदूषण नियमांचं हवं.

भारतात नव्या मॉडेलला पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थांकडून मंजुरी घ्यावी लागते. ही व्यवस्था कारखान्यांसाठी आहे. एकच गाडी बांधणाऱ्या माणसाला तिचा खर्च आणि कागद दोन्ही झेपणारे नाहीत आणि त्याच्यासाठी ब्रिटनसारखी वेगळी खिडकी नाही. व्हिडिओखालच्या त्या कमेंटमध्ये तथ्य आहे ते एवढंच. पण ती खिडकी उघडली तरी कापलेली स्विफ्ट तिच्यातून पास होणं अवघड आहे.

देवराष्ट्रेच्या गाडीचं काय झालं?

डिसेंबर 2021 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराची गाडी देशभर गाजली. ती स्पोर्ट्स कार नव्हती. भंगारातून, साधारण 60 हजारांत, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप होती ती. आनंद महिंद्रांनी ट्विट करून कौतुक केलं आणि त्याचबरोबर म्हटलं की ही गाडी नियमांत बसत नाही, प्रशासन कधीतरी ती थांबवेल. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि ती गाडी आपल्या संशोधन केंद्रात ठेवायची तयारी दाखवली. जानेवारी 2022 मध्ये बोलेरो घरी आली. कौतुक करणाऱ्यानेही गाडी रस्त्यावरून बाजूला घेतली, हा भाग फॉरवर्ड होताना बहुतेकदा गळतो.

त्या कारागिराची आणि करीमगंजच्या मेकॅनिकची कमाई म्हणजे हातात आलेलं काम. साचा काढणं, वायरिंग समजणं, स्टिअरिंगची भूमिती जुळवणं हे आठ महिन्यांत जेवढं शिकता येतं तेवढं वर्गात बसून क्वचित येतं. हा नकलेचा खरा फायदा आहे आणि तो लहान नाही. गाडी खासगी आवारात, प्रदर्शनात किंवा शूटिंगमध्ये टेम्पोवर नेऊन ठेवली तर बराचसा धोका उरत नाही. वरातीत चालवत नेली की उरतो, कारण वरातही सार्वजनिक रस्त्यावरूनच जाते.

इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निकच्या मुलांना आणखी एक वाट आहे. एसएई इंडियाची बाहा स्पर्धा 2007 पासून होते आणि तिचं नाव पिथमपूरशी जोडलेलं आहे. धुळ्याहून शिरपूर, सेंधवा करत आग्रा रोडनेच तिकडे जाता येतं. तिथे मुलं गाडी पूर्ण स्वतः बांधतात, कुणाची नक्कल नसते. चालकाभोवती पाइपचा पिंजरा सक्तीचा असतो. आणि शर्यतीला उतरण्याआधी एक परीक्षा असते. गाडी पळवायची, ब्रेक दाबायचा, चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत. झाली नाहीत तर गाडी परत दुरुस्तीला.