चार टप्पे, अठरा वर्षे आणि एक रिंग

१/ ‘एका क्षणाने इतिहास बदलला’ हे वाक्य क्रीडालेखनात इतके रुळले आहे की त्याचा अर्थ कुणी तपासत नाही. बास्केटबॉलमधील दोन अखेरचे शॉट शेजारी ठेवले तर तो तपासता येतो. संघ तेच, फेरी तीच, सामना दोन्ही वेळा सातवा. एकदा चेंडू बाहेर गेला, एकदा आत पडला.

२/ आधी नियम. एनबीएच्या बाद फेरीत या टप्प्यावर दोन संघ जास्तीत जास्त सात सामने खेळतात. आधी चार जिंकणारा पुढे जातो. घड्याळ शून्यावर येण्यापूर्वी चेंडू हातातून सुटला असेल, तर तो नंतर रिंगमध्ये पडला तरी गुण मिळतात. म्हणजे वेळ संपलेली असते आणि निकाल अजून हवेत असतो.

३/ २० मे २००१, फिलाडेल्फिया. यजमान सेव्हन्टीसिक्सर्स ८८, टोरोंटो रॅप्टर्स ८७. दोन सेकंद शिल्लक. व्हिन्स कार्टरने उडी घेऊन शॉट मारला. चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आपटून बाहेर आला. सिक्सर्स पुढे मिलवॉकी बक्सना नमवून १९८३ नंतर प्रथमच अंतिम फेरीत पोहोचले. टोरोंटोचा हंगाम तिथेच संपला.

४/ त्याच दिवशी सकाळी कार्टर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला गेला होता. शॉट पडला असता तर शिक्षणाविषयीच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगितली गेली असती. तो चुकला, आणि तीच गोष्ट त्याच्यावरील आरोप ठरली. सकाळी घडले ते घडून गेलेच होते. त्याचा अर्थ मात्र सामन्यानंतर ठरला.

५/ १२ मे २०१९, टोरोंटो. पुन्हा हेच दोन संघ. गुण ९०-९०, शिल्लक ४.२ सेकंद. कवाय लेनर्ड उजव्या कोपऱ्याकडे धावला आणि सात फूट उंचीच्या जोएल एम्बीडच्या उंचावलेल्या हातावरून त्याने चेंडू सोडला. घड्याळ संपले. चेंडू रिंगवर चार वेळा उसळला आणि आत पडला. ९२-९०. घड्याळ संपतासंपता मारलेल्या शॉटने सातवा सामना जिंकण्याची एनबीएच्या इतिहासातील ती पहिलीच वेळ.

६/ पुढे रॅप्टर्सनी बक्सना ४-२ आणि अंतिम फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्सना ४-२ असे हरवले. अमेरिकेबाहेरील संघाने प्रथमच विजेतेपद मिळवले. सिक्सर्सचा जिमी बटलर त्याच उन्हाळ्यात मायामीला गेला आणि पुढच्या वर्षी तो संघ अंतिम फेरीत खेळला. इतके सारे पाहिल्यावर इतिहास बदलला, असे म्हणायला हरकत नाही.

७/ पण घड्याळ थोडे मागे न्या. १०.८ सेकंद उरले असताना लेनर्डला दोन फ्री थ्रो मिळाले होते. त्याने एक साधला, दुसरा चुकवला. आघाडी दोनच गुणांची राहिली आणि बटलरने ती लगेच पुसून टाकली. दुसरा फ्री थ्रो पडला असता, तर बटलरच्या दोन गुणांनंतरही टोरोंटो पुढेच असते. आज अजरामर ठरलेल्या त्या शॉटची वेळ लेनर्डच्याच एका चुकीने आणली होती. त्या दिवशी त्याने ३९ शॉट घेतले. त्यांतले २३ वाया गेले.

८/ आणखी मागे जा. सामना टोरोंटोत झाला, कारण साखळी हंगामात रॅप्टर्सचे विजय ५८ होते, सिक्सर्सचे ५१. लेनर्ड तिथे होता, कारण जुलै २०१८ मध्ये नऊ हंगाम निष्ठेने खेळलेल्या डीमार डीरोझनला देऊन संघाने त्याला आणले होते. पुढे अंतिम फेरीत वॉरियर्सचे केव्हिन ड्युरंट आणि क्ले थॉम्पसन जायबंदी झाले. विजेतेपदाच्या वस्त्रात असे अनेक धागे आहेत. अखेरचा शॉट हा त्यांतला सर्वांत चमकदार, म्हणून तेवढाच डोळ्यांत भरतो.

९/ मग सगळा नशिबाचाच खेळ, असे काहीजण म्हणतील. ते मला मान्य नाही. चेंडू कोणत्या बाजूला कलंडेल हे बोटभर अंतर नशिबाचे. पण त्या ठिकाणी अखेरचा चेंडू हाती घेऊन उभे राहण्याचा अधिकार कष्टाने मिळवावा लागतो. तो लेनर्डने मिळवला होता, तसा कार्टरनेही. अशा शॉटने निकाल ठरतो. खेळाडूची योग्यताही त्यानेच ठरवणे, हा आपला आळस आहे.

१०/ या आळसाची किंमत असते. डिसेंबर २००४ मध्ये कार्टर टोरोंटो सोडून गेला आणि पुढे कित्येक वर्षे तिथल्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. लेनर्ड तर विजेतेपदानंतर काही आठवड्यांतच क्लिपर्सकडे गेला; तो पाहुणा म्हणून परतला तेव्हा त्याच शहराने त्याचा जयघोष केला. दोघांच्या जाण्याची रीत वेगळी होती, हे खरे. तरीही त्या दोन स्वागतांमधले बरेचसे अंतर रिंगच्या कडेनेच मोजलेले आहे.

११/ कॅनडातील एका पिढीला या खेळाचे वेड लावणारा माणूस कार्टरच होता. २ नोव्हेंबर २०२४ रोजी रॅप्टर्सनी त्याचा १५ क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला. संघाच्या इतिहासात हा मान मिळवणारा तो पहिला खेळाडू. चुकलेल्या शॉटला तेव्हा २३ वर्षे उलटून गेली होती.

१२/ लेनर्डच्या शॉटची चित्रफीत पुन्हा समोर आली, तर तिसऱ्या टप्प्यावर ती क्षणभर थांबवून पाहा. चेंडू अजून रिंगवर आहे. जे खेळायचे ते दोन्ही संघांचे खेळून झाले आहे. त्यांच्या गुणवत्तेविषयी मत बनवायचे असेल, तर ते तिथेच बनवावे. चौथ्या टप्प्यानंतर आपल्याला फक्त निकाल कळतो.