देवाच्या येण्याला आमची हरकत नाही

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अमेरिकी विज्ञानमालिकेचा अखेरचा भाग २० मार्च २००९ रोजी प्रसारित झाला. त्याला दीड दशकाहून अधिक काळ लोटला, तरी तिच्या शेवटाविषयीचा वाद पुरता शमलेला नाही. सातारा आणि सांगली येथील साहित्याच्या अध्यापक-विद्यार्थ्यांचे आमचे जे लहानसे वर्तुळ आहे, त्यातही तो अधूनमधून उफाळून येतो. एका पक्षाच्या मते लेखकांनी ऐन वेळी देवाला पुढे करून वाचकाची, म्हणजे येथे प्रेक्षकाची, फसवणूक केली. दुसऱ्या पक्षाच्या मते गूढ हे गूढच राहू देण्यात कलेची प्रगल्भता आहे. दोन्ही पक्षांशी आमचे काही अंशी जुळते, काही अंशी नाही. ते का, हे येथे मांडण्याचा विचार आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथासूत्र असे. माणसांनीच घडवलेले सायलॉन हे यंत्रमानव माणसांच्या बारा वसाहती बेचिराख करतात. वाचलेली पन्नासेक हजार माणसे काही जहाजांतून पृथ्वीच्या शोधात निघतात. माणसे अनेक देव मानतात, सायलॉन मात्र एकेश्वरवादी आहेत. शेवटी पृथ्वी सापडते, आणि सारा प्रवास एका अदृश्य शक्तीच्या योजनेनुसार चालला होता असे सूचित होते. बाल्टर या शास्त्रज्ञाला दिसणारी स्त्री देवदूत ठरते. मृत्यूनंतर परतलेली वैमानिक कारा थ्रेस, अर्थात 'स्टारबक', बोलता बोलता माळावरून नाहीशी होते. ती कोण होती, हे कोणीही सांगत नाही.

या शेवटावर नाराज झालेल्यांत कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन हेही होते. यंत्रातून देव उतरवून कथा संपवणे हे लेखनाच्या प्राथमिक धड्यालाच सोडून आहे, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. या आक्षेपाला अ‍ॅरिस्टॉटलचा आधार आहे. कथानकाची उकल कथानकातूनच व्हावी, 'मीडिआ'त होते तशी यंत्राच्या साहाय्याने होऊ नये, असे त्याने 'काव्यशास्त्रा'त म्हटले आहे. मराठी वाचकाला तर हा आक्षेप अधिकच पटतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवणाऱ्या जयंत नारळीकरांनी पुढे आपल्याला जी विज्ञानकथा वाचायला शिकवले, तिचा पाया विज्ञानाचा होता.

परंतु देव रंगभूमीवर आला एवढ्यानेच कृती बिघडते, हे आम्हांस मान्य नाही. सांगलीकरांना तर ते मान्य होऊच नये. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, त्या परंपरेत देव प्रारंभीच येत असे. सूत्रधाराने स्तवन करावे, गणपती प्रकट व्हावा, मागोमाग सरस्वती यावी, आणि मग आख्यान सुरू व्हावे. पुढे जे घडेल त्यात दैवी हात असणार, हा प्रेक्षकाशी केलेला उघड करार होता. त्या नाटकात शेवटी देव धावून आला म्हणून कोणी फसवणुकीची तक्रार केली नसती.

'गॅलॅक्टिका'नेही असा करार केला होता, आणि तो पुष्कळांनी वाचला नाही. १९७८ च्या मूळ मालिकेचे जनक ग्लेन लार्सन मॉर्मन पंथाचे होते, आणि त्या श्रद्धेच्या खुणा मूळ मालिकेत जागोजागी आहेत. नव्या मालिकेच्या शीर्षकसंगीतात तर गायत्री मंत्राचे शब्द गायले जातात! जे घडले ते पुनःपुन्हा घडते, हे पालुपद युगचक्राची कल्पना बाळपणापासून ऐकलेल्या आपल्या वाचकाला परके वाटू नये. बाल्टरला दिसणारी स्त्री आरंभापासून देवाचे नाव घेते. तिचे उगमस्थान मेंदूत बसवलेली एखादी चकती असावी, ही शंकाही मालिकेने स्वतःच उपस्थित केली आणि तपासणीअंती दूर केली. तरीही शेवटी देवदूत पाहून ज्यांना धक्का बसला, त्यांनी विज्ञानकथेच्या सवयीने तिचे बोलणे कानाआड केले होते, असे म्हणावे लागेल.

स्टारबकची गोष्ट मात्र निराळी आहे. येथे आम्हांस साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची भूमिका आठवते. देव आहे की नाही, या वादात त्यांची चळवळ शिरत नसे. चमत्काराचा दावा करणाऱ्याला मात्र ती पुरावा मागे. म्हणजे प्रश्न देवाला नव्हता, दावेदाराला होता. स्टारबकच्या बाबतीत पुराव्याची भाषा प्रथम लेखकांनीच वापरली. तिचे विमान फुटलेले आपण पाहतो. पुढे तिला स्वतःचेच जळालेले प्रेत आणि गळ्यातील ओळखपट्टी सापडते. त्या पट्टीवरील रक्त तपासले जाते आणि निष्कर्ष चारचौघांत जाहीर होतो. इतका काटेकोर पंचनामा करून झाल्यावर निकालाच्या दिवशी आरोपपत्रच हवेत विरून जावे, तसे येथे झाले आहे. प्रश्न ज्या भाषेत विचारला, त्या भाषेत त्याचे उत्तर देणे, किंवा निदान ते का देता येत नाही हे सांगणे, ही लेखकाची जबाबदारी असते. श्रद्धेच्या भाषेत मांडलेले गूढ अनुत्तरित राहिले तर ते गूढच राहते. पुराव्याच्या भाषेत मांडलेला प्रश्न अनुत्तरित राहिला तर ती पळवाट ठरते.

याहून गंभीर दोषाकडे दोन्ही पक्षांचे लक्ष क्वचितच जाते. पृथ्वीवर पोहोचल्यावर चाळीस हजारांहून थोडी कमी उरलेली माणसे आपली सारी जहाजे सूर्यात लोटून देतात आणि यंत्रे, औषधे, शहरे यांचा त्याग करून रानोमाळ पांगतात. ज्या मालिकेत निवडणुका झाल्या, संप झाले, खटले चालले, गर्भपाताच्या हक्कावर आणि कैद्यांच्या छळावर कडाक्याचे वाद झाले, तिच्यात या सर्वांत मोठ्या निर्णयावर एक मतदान नाही, एक विरोधी भाषण नाही. उद्या अडलेल्या बाळंतिणीचे काय, हे एकाही आईने विचारू नये? देवाने मौन पाळले याचे आम्हांस वैषम्य वाटत नाही. चार पर्वे भांडत आलेली माणसे अचानक गप्प झाली, याचे वाटते. ईश्वरी योजनेच्या उजेडात माणसांचे मतभेद क्षुल्लक ठरले, आणि मालिकेचे सत्त्व तर त्या मतभेदांतच होते.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच, की एखाद्या कृतीचा शेवट धार्मिक आहे की वैज्ञानिक, यावरून तिचा निवाडा करू नये. तिने आरंभी कोणता करार केला, कोणते प्रश्न कोणत्या भाषेत विचारले, आणि शेवटाच्या सोयीसाठी कोणाचे तोंड बंद केले, हे पाहावे. या कसोटीवर 'गॅलॅक्टिका'तील देव निर्दोष सुटतो. लेखक सुटत नाहीत.