कॉलेजचा ग्रुप गप्प का होतो? तेल्हाऱ्याच्या वर्गमित्रांपासून पदवीधरांच्या मतदार यादीपर्यंत

फायनलचा निकाल लागतो, मार्कशीट आणि टीसी घ्यायला सगळे एकदा कॉलेजात येतात. त्यानंतर तो वर्ग पुन्हा कधीच एका ठिकाणी जमत नाही. उरतो तो व्हॉट्सॲप ग्रुप. पहिलं वर्ष जोरात जातं. दुसऱ्या वर्षी वाढदिवस आणि भरतीच्या जाहिराती. पाचव्या वर्षी लग्नपत्रिका आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मग महिनोन्महिने काहीच नाही.

हे सगळीकडे होतं. पण पुण्या-मुंबईच्या कॉलेजात होणं वेगळं आणि तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात होणं वेगळं.

तेल्हारा अकोला जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याजवळ. इथलं डॉ. गोपाळराव खेडकर महाविद्यालय किंवा आसपासची अशी कॉलेजं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. वर्गात बसणारी पोरं बहुतेक आजूबाजूच्या खेड्यांतली. डिग्री झाली की कुणी घरच्या कपाशी-तुरीत राहतो, कुणी अमरावतीला किंवा पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला, तर कुणी चाकणच्या कंपनीत. तेल्हारा शहरात रेल्वे नाही. तालुक्यातल्या हिवरखेडवरून जाणारी जुनी मीटरगेज गाडी २०१७ पासून बंद झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रॉडगेजवर अकोला ते अकोट गाडी सुरू झाली, पण ती अकोटपर्यंतच. त्यामुळे पुण्याहून येणारा शेगाव किंवा अकोल्याला उतरतो आणि पुढे एसटी. असा प्रवास करून माणूस दिवाळीला येतो, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला. भेट होते ती तेव्हाच.

पण संपर्क तुटल्याने बिघडतं काय?

याचं उत्तर ५० वर्षांपूर्वीच्या एका अभ्यासात आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की ज्या ओळखीतून नोकरी मिळाली, त्या माणसाशी तुमची भेट किती वेळा व्हायची? वारंवार भेटणाऱ्यांकडून नोकरी मिळाली असं सांगणारे होते १६.७ टक्के. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून ५५.६ टक्के. आणि क्वचितच भेट होणाऱ्यांकडून २७.८ टक्के. १९७३ साली त्यांनी हा मुद्दा मांडला. जिवलग मित्राला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं, कारण दोघं एकाच वर्तुळात फिरतात. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातल्या, जेमतेम ओळखीच्या माणसाकडून.

२०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या २ कोटींहून जास्त वापरकर्त्यांवरचा अभ्यास आला. त्यातही नोकरी बदलायला अशा मध्यम-कच्च्या ओळखीच जास्त उपयोगी ठरल्या. अगदीच अनोळखी माणूसही फारसा कामाचा नाही, आणि अगदी घट्ट मित्रही नाही.

आता मागच्या बाकावरचा तो मुलगा आठवा, ज्याच्याशी तीन वर्षांत दहा वेळा बोलणं झालं असेल. तो आज चाकणला सुपरवायझर असू शकतो. शहरातल्या घरात काका वकील, मामा बँकेत, शेजारी इंजिनीअर असतो. तेल्हारा तालुक्यातल्या एखाद्या गावातून पहिल्यांदा पदवीधर झालेल्या पोराकडे ही माणसं नसतात. त्याच्याकडे वेगवेगळ्या ठिकाणी पांगलेल्या ओळखींचं एकच भांडवल असतं, ते म्हणजे त्याचा वर्ग. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून जास्त अर्ज आले होते. एवढ्या गर्दीत सरकारी नोकरी नाही मिळाली, तर पुढचा रस्ता बहुतेक वेळा कुणाच्या तरी फोनवरूनच उघडतो.

मग ग्रुपमधून गळतं कोण?

एक कारण साधं आहे, नंबर. रिचार्ज संपून सिम बराच काळ बंद राहिलं, की कंपनी तो नंबर दुसऱ्याला देऊ शकते. ग्रुपमध्ये जुना नंबर तसाच पडून राहतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी दर वाढवल्यावर दोन सिम चालू ठेवणं आणखी महाग झालं.

दुसरं कारण जास्त अवघड आहे. दोन-चार वर्षं अभ्यासिकेत काढून यश न आलेला मुलगा ग्रुप सोडत नाही, फक्त बोलायचं थांबतो. 'काय चाललंय सध्या?' हा प्रश्नच त्याला नको असतो. दर निवडीनंतर येणारे पेढ्यांचे आणि हाराचे फोटो तो बघतो आणि फोन बाजूला ठेवतो. म्हणजे ओळखीची सगळ्यात जास्त गरज ज्याला, तोच आधी गप्प होतो.

आणि मुली. देशातल्या २०२०-२१ च्या श्रमशक्ती पाहणीत स्थलांतर केलेल्या बायकांपैकी ८६.८ टक्के जणींनी कारण सांगितलं लग्न. लग्नानंतर गाव बदलतं, आडनाव बदलतं, अनेकदा नंबरही बदलतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी स्वतः वापरता येईल असा मोबाईल असणाऱ्या होत्या सुमारे ५४ टक्के. बाकीच्यांचा नंबर म्हणजे घरातल्या कुणाचा तरी नंबर. त्यावर कॉलेजच्या मुलांचा ग्रुप कसा चालणार? एप्रिल २०१९ पासून व्हॉट्सॲपवर 'मला ग्रुपमध्ये कोण जोडू शकतं' याचं सेटिंग आलं, ते चांगलंच झालं. पण इथे प्रश्न सेटिंगचा नाही. सासरी कुणी विचारलं की 'हा कोणाचा मेसेज', तर ग्रुप सोडणं सोपं पडतं. गेट-टुगेदरच्या फोटोत मुलांच्या तीन रांगा आणि मुली चार-पाच, हे चित्र त्यातूनच तयार होतं.

या यादीची गरज अजून कुणाला आहे?

गंमत म्हणजे मित्र विसरले तरी पदवीधरांना शोधणारे दुसरे आहेत.

पहिले राजकारणी. राज्यघटनेच्या कलम १७१ नुसार विधान परिषदेच्या बारा भागांपैकी एक भाग पदवीधर निवडून देतात. अट दोनच: पदवी मिळून तीन वर्षं झालेली असावीत आणि त्या मतदारसंघात राहायला असावं. अमरावती विभागात अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ हे पाच जिल्हे येतात. जानेवारी २०२३ च्या निवडणुकीत इथे काँग्रेसचे धीरज लिंगाडे यांनी भाजपचे रणजित पाटील यांना हरवलं. ही यादी दर वेळी नव्याने करावी लागते. जुनं नाव आपोआप पुढे येत नाही, पुन्हा अर्ज भरावा लागतो. निवडणुकीआधीच्या महिन्यांत गप्प पडलेल्या ग्रुपवर अचानक फॉर्म फिरायला लागतात, ते यामुळे. पुण्यात स्थायिक झालेला मात्र इथे मत देऊ शकत नाही. त्याने तिकडच्या यादीत नाव घालायचं.

दुसरी विद्यापीठाची सिनेट. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार सिनेटवर नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडून जातात. फी, निकालाचा उशीर, वसतिगृहं असे विषय तिथे मांडता येतात. पण मतदार होण्यासाठी स्वतः नोंदणी करावी लागते आणि ते फार थोडे करतात. मुंबई विद्यापीठातून दरवर्षी हजारो जण पदवी घेऊन बाहेर पडतात. तिथे २०२४ च्या निवडणुकीत मतदार होते १३,४०६, आणि युवासेनेने दहाच्या दहा जागा जिंकल्या. यादी छोटी असली की जो संघटित असतो त्याचं फावतं.

तिसरं खुद्द कॉलेज. नॅकच्या आतापर्यंतच्या मूल्यांकन पद्धतीत १,००० पैकी १० गुण माजी विद्यार्थ्यांच्या सहभागासाठी आहेत. नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघ आहे का, त्याची मदत काय, हे दाखवावं लागतं. म्हणून नॅकची समिती यायची असली की माजी विद्यार्थी मेळावा ठरतो आणि विसरलेल्या बॅचला गुगल फॉर्म येतो. यात वाईट काही नाही. त्या निमित्ताने का होईना, कुणीतरी जुने नंबर शोधतं.

याच मूल्यांकनात आणखी एक माहिती मागितली जाते: गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेल्यांपैकी किती जणांना नोकरी लागली आणि किती जण पुढच्या शिक्षणाला गेले. कॉलेजातला कुणीतरी त्यासाठी एकेकाला फोन लावतो. बी.ए.ला पहिल्या वर्गात पास झालेली, आता तीन तालुके पलीकडे सासरी घर सांभाळणारी मुलगी या दोन्ही रकान्यांत बसत नाही. आणि तिचा जो नंबर नोंदवलेला असतो, तो बहुतेक वेळा वडिलांचा असतो.