आठव्या दिवसाची काचपट्टी

वय सारखे, निदान तेच, औषधे आणि मात्राही त्याच, असे असूनही तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या दोन बालकांपैकी एकाचे रक्त आठवडाभरात निवळावे आणि दुसऱ्याच्या रक्तात कर्कपेशींची गर्दी तशीच राहावी, हा अनुभव आपल्या व्यवसायबंधूंना नवा नाही. तथापि या भेदास दैवाचा भाग मानण्याची सवय आता सोडली पाहिजे, कारण त्याची पुष्कळशी कारणे आज ज्ञात आहेत. मेथोट्रेक्झेटला पेशीत नेणाऱ्या वाहक प्रथिनाचे जनुक २१व्या गुणसूत्रावर असते. ज्या कर्कपेशींत गुणसूत्रांची संख्या ५०हून अधिक झालेली असते त्यांत या गुणसूत्राच्या जादा प्रती बहुधा असतातच, आणि म्हणून त्या हे औषध विपुल प्रमाणात आत घेतात, त्यास ग्लुटामेटच्या साखळ्या जोडून आतच कोंडतात व आपला नाश ओढवून घेतात. टी-वंशाच्या पेशींत हा साठा कमी होतो.

मर्कॅप्टोप्युरीनची बाब निराळी. एनयूडीटी१५ या जनुकाचे जे भेद आशियाई लोकांत, आपल्याकडेही, आढळतात, त्यांमुळे हे औषध दिल्यावर श्वेतपेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. हा रुग्णाच्या वंशागत प्रकृतीचा गुण आहे, कर्कपेशीच्या दुर्बलतेचा दाखला नव्हे, आणि दप्तरात या दोहोंची सरमिसळ होता कामा नये.

जर्मनीतील बीएफएम गटाने गेल्या शतकाच्या नवव्या दशकात रूढ केलेली कसोटी आम्हांस या संदर्भात विशेष मोलाची वाटते: सात दिवस प्रेडनिसोलोन व पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्झेटची एक मात्रा दिल्यावर, आठव्या दिवशी दर मायक्रोलिटर रक्तात कर्कपेशी १०००हून कमी आहेत की नाहीत, एवढेच ती विचारते. दहा हजारांत एक कर्कपेशी हुडकणारी फ्लो सायटोमेट्री तिच्याहून निःसंशय सरस आहे. परंतु जेथे ती उपलब्ध नाही तेथेही सूक्ष्मदर्शक, रंजकद्रव्य आणि सरावलेली नजर असतेच. आरंभीच पेशी हजाराच्या आत असतील तर या कसोटीस फारसा अर्थ उरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून केसपेपरावर ‘सुधारणा आहे’ असा मोघम शेरा न मारता पहिल्या व आठव्या दिवसाचे आकडे तारखेसह लिहावेत. तसेच ताप वा सांधेदुखीसाठी निदानापूर्वीच कोणी स्टेरॉइड दिले होते काय, याची चौकशी आईवडिलांजवळच्या जुन्या चिठ्ठ्या स्वतः पाहून करावी. तसे झाले असल्यास आरंभीचा आकडाच फसवा ठरतो.